बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या : एक अभ्यास

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वरील संख्या वीस अंकी आहे. बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांशी तिचे जुने नाते आहे. तुमच्या आमच्या खिशातील भ्रमणध्वनीशीही आहे, आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, सावकाराच्या वहीशीही आहे. स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी आहेत, पालक आहेत, समाजातील वडीलधारी मंडळी आहेत. शाळा सोडल्यावर गणिताशी संबंध तुटला असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो तुटत नाही. हिशेब दुसऱ्याच्या हाती जातो, एवढेच. म्हणून या एका संख्येचा पाठ येथे क्रमाने मांडीत आहे. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही तो समजावा, अशी त्याची रचना ठेवली आहे. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक; त्यामुळे संख्येबरोबर तिचा इतिहासही ओघाने येईल.

१. कथा आणि संख्या

कथा सर्वपरिचित आहे. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्या एका बुद्धिमान पुरुषावर राजा प्रसन्न झाला आणि हवे ते माग म्हणाला. त्याने मागितले ते असे : पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ; याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट. राजाला हे मागणे क्षुल्लक वाटले. कोठारे रिकामी झाली तरी ते पुरे होईना, तेव्हा त्याला मागणीचा अर्थ कळला.

अरबी ग्रंथांतून त्या पुरुषाचे नाव सिस्सा असे येते. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा नोंदवली आहे. असा राजा खरोखर होऊन गेला याला कोणताही ऐतिहासिक आधार नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दंतकथा आहे हे प्रथमच लक्षात ठेवावे. मात्र तिच्यातील हिशेब खरा आहे. राजा कल्पित असला तरी दाण्यांची बेरीज कल्पित नाही. ती कोणीही, केव्हाही करून पाहू शकतो. चौसष्ट घरांतील दाण्यांची एकूण बेरीज म्हणजेच आरंभी दिलेली संख्या.

२. बेरजेचे रहस्य

चौसष्ट आकड्यांची बेरीज करीत बसण्याची गरज नाही. पहिल्या दोन घरांची बेरीज १ + २ = ३; ती तिसऱ्या घरातील ४ पेक्षा एकाने कमी. पहिल्या तीन घरांची बेरीज ७. ती चौथ्या घरातील ८ पेक्षा एकाने कमी. हे पुढेही असेच चालते, आणि त्याचे कारण सोपे आहे. पटाबाहेरून एक जादा दाणा उसना घ्यावा आणि पहिल्या घरातील दाण्याजवळ ठेवावा. आता तेथे दोन झाले. ते दुसऱ्या घरातील दोनांत मिळवले की चार. ते तिसऱ्या घरातील चारांत मिळवले की आठ. प्रत्येक वेळी आलेली रक्कम पुढच्या घराएवढीच भरते. चौसष्टावे घर मिळवल्यावर जी रक्कम येईल ती पासष्टाव्या घराएवढी, म्हणजे २ चा ६४ वा घात. उसना दाणा परत केला की उत्तर एकाने कमी होते. म्हणून आपली संख्या = २ चा ६४ वा घात, उणे १.

या रीतीतून एक महत्त्वाचा नियम हाती येतो. कोणत्याही घरातील दाणे हे त्याच्या मागील सर्व घरांतील दाण्यांच्या बेरजेपेक्षा एकाने अधिक असतात. शेवटचे एक घर मागील त्रेसष्ट घरांना पुरून उरते. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचेच काम पडणार आहे.

३. सहा पावलांत उत्तर

२ चा ६४ वा घात काढण्यासाठी त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागत नाही. वर्ग करीत गेल्यास सहा पावले पुरतात. २ चा वर्ग ४. ४ चा वर्ग १६. १६ चा वर्ग २५६. २५६ चा वर्ग ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. यातून एक वजा केला की झाले.

ही युक्ती आपल्याकडे फार प्राचीन आहे. छंदशास्त्रकार पिंगलापुढे प्रश्न होता तो असा : लघू आणि गुरू या दोनच प्रकारच्या अक्षरांनी ठरावीक अक्षरसंख्येच्या ओळीचे किती प्रकार होतील? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तीन अक्षरांचे आठ. म्हणजे येथेही दुपटीच. हे घात काढण्यासाठी संख्या निम्मी करीत जावे व उलट क्रमाने वर्ग करावे, अशी रीत त्याच्या सूत्रांत आढळते. इ. स. १००० च्या सुमारास अल् बिरुनी या विद्वानाने प्राचीन लोकांच्या कालगणनेवरील आपल्या ग्रंथात बुद्धिबळाच्या पटाचा हाच हिशेब वर्गाच्या रीतीने मांडला आणि हीच वीस अंकी संख्या दिली. हजार वर्षांपूर्वी लेखणीने काढलेले ते उत्तर आजच्या यंत्राच्या उत्तराशी अंकाअंकाने जुळते.

४. ही संख्या केवढी?

आता दाणे प्रत्यक्ष मोजू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरले, तर एका किलोत २५,००० दाणे येतात. पटाची पहिली ओळ, म्हणजे आठ घरे, भरली की २५५ दाणे होतात. वजन सुमारे १० ग्रॅम, चिमूटभरच. दुसरी ओळ भरली की ६५,५३५ दाणे. सुमारे २ किलो ६०० ग्रॅम. तिसरी भरली की सुमारे पावणेसात क्विंटल. चौथी ओळ भरून अर्धा पट पुरा झाला की १,७१८ क्विंटल. दहा टनी अठरा मालमोटारींत तो गहू मावेल. येथवर राजा मनात हसत असणार.

उरलेला अर्धा पट भरला की वजन होते सुमारे ७३,७८७ कोटी टन. भारतात वर्षाला सुमारे ११ कोटी टन गहू पिकतो. या हिशेबाने एकही दाणा न खाता साडेसहा हजार वर्षांहून अधिक काळ भारताने गहू साठवीत राहावे, तेव्हा राजाचे वचन पुरे होईल. दर सेकंदाला एक याप्रमाणे दाणे मोजण्यास बसले, तर मोजणी संपण्यास सुमारे ५८,४५० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. त्याच्या बेचाळीस पट.

५. नावे आणि कवड्या

एवढी संख्या वाचावी कशी? भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या गणनेप्रमाणे आपली संख्या अशी वाचता येते : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६१५. ‘ललितविस्तर’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात तर कोटीच्या पुढे शंभर शंभराच्या पटीने तल्लक्षणापर्यंत नावे येतात; तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. आपली संख्या त्या शिडीच्या अर्ध्यावरही पोहोचत नाही.

‘लीलावती’तच दुपटीचे एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन रोज त्याच्या दुप्पट देण्याचे वचन दिले. महिन्याभरात तो किती निष्क देईल? तीस दिवसांची बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या. भागाकार केल्यावर उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. दोन कवड्यांनी सुरू झालेले दान महिन्याच्या अखेरीस लाखावर निष्कांना जाऊन पोहोचते.

६. संख्येचे अवयव

आता संख्येच्या आत डोकावू. ती ५ ने संपते, म्हणून तिला ५ ने भाग जातो. तिच्या अंकांची बेरीज ८७ आहे. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून संख्येलाही ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. पुढचे अवयव शोधण्यास शाळेतील एक सूत्र पुरते : एखाद्या संख्येच्या वर्गातून १ वजा केला, तर उत्तर म्हणजे त्या संख्येहून एकाने कमी आणि एकाने अधिक अशा दोन संख्यांचा गुणाकार. उदाहरणार्थ, १६ च्या वर्गातून १ गेला की २५५; आणि १५ × १७ = २५५.

आपली संख्या वर्गातून १ वजा करून आलेली आहे, म्हणून तिचे दोन अवयव पडतात : ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. यांपैकी पहिली पुन्हा ६५,५३६ च्या वर्गातून १ वजा करून आलेली. तिचे अवयव ६५,५३५ आणि ६५,५३७. त्यातील पहिलीचे २५५ आणि २५७. मग १५ आणि १७. मग ३ आणि ५. एकत्र मांडले की,

आपली संख्या = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

प्रत्येक अवयव हा वर्ग करीत जाताना मिळालेल्या संख्येहून एकाने अधिक आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पिएर द फेर्मा याचे लक्ष या संख्यांकडे गेले. पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतः यांखेरीज त्यांना दुसऱ्या कशाने भाग जात नाही. यावरून, अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे मत त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले. फेर्माचा अधिकार मोठा होता. सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे की नाही, हे त्या काळी हाताने तपासणे कष्टाचे होते. जवळजवळ शंभर वर्षे ते मत तसेच राहिले.

७. सहाशे एक्केचाळीस

१७३२ साली लिओनार्ड ऑयलर या तरुण गणितज्ञाने दाखवून दिले की, ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. त्याने पुढे सिद्ध केले की, या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर ती मूळ संख्या ६४ च्या पटीहून एकाने अधिकच असली पाहिजे. अशा संख्या म्हणजे ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ इत्यादी. यांतील मूळ तेवढ्या घेतल्या तर उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचव्या प्रयत्नाला जातो. योग्य विचार केला की डोंगराएवढे काम पाच भागाकारांवर येते.

भागाकार न करताही ही गोष्ट पटवून देता येते. मी ती नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. ६४१ = ६२५ + १६ हे प्रथम लिहावे. आता २ चा २८ वा घात याला आपण ‘क’ म्हणू. ६४१ × क ही रक्कम दोन भागांत फुटते : ६२५ × क आणि १६ × क. यातील १६ × क म्हणजे २ चा ३२ वा घात. आणि ६२५ × क म्हणजे ६४० चा चौथा घात; कारण ६४० = ५ × १२८, ५ चा चौथा घात ६२५ आणि १२८ चा चौथा घात क. म्हणून,

६४१ × क = ६४० चा चौथा घात + २ चा ३२ वा घात.

दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला, तर वरच्याच सूत्राने त्याचे अवयव पडतात : ६३९ × ६४१ × (६४० चा वर्ग + १). म्हणजे त्यालाही ६४१ ने भाग जातो. आता पहिल्या रकमेतून ही दुसरी रक्कम वजा करावी. ६४० चा चौथा घात दोहोंकडून निघून जातो आणि उरतो २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७. ज्या दोन रकमांना ६४१ ने भाग जातो त्यांच्या वजाबाकीलाही जातोच. सिद्धता पूर्ण झाली. प्रत्यक्ष गुणाकार हवा असेल त्याने ६४१ × ६७,००,४१७ करून पाहावे.

६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे. तेव्हा आपल्या संख्येची पूर्ण फोड अशी :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ अवयव, प्रत्येक एकेकदाच. प्रत्येक अवयव घ्यावा किंवा वगळावा, असे दोन पर्याय सात वेळा. म्हणून या संख्येचे एकूण विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८.

या प्रसंगाचा धडा मुलांना सांगण्यासारखा आहे. फेर्मा थोर होता आणि पुढेही थोरच राहिला. पण त्याच्या थोरवीमुळे ६४१ ने भाग जायचा थांबला नाही. गणितात कोण म्हणाले यापेक्षा काय सिद्ध झाले याला महत्त्व असते. पाच उदाहरणे खरी निघाली म्हणून सहावे खरे मानू नये, हेही येथे शिकायला मिळते. आजवर फेर्माच्या रीतीच्या फक्त त्याच पाच मूळ संख्या माणसाला ठाऊक आहेत. सातवी संख्या, म्हणजे आपल्या वीस अंकी संख्येहून दोनाने अधिक असलेली, हीदेखील मूळ नाही. तिचा २,७४,१७७ हा अवयव लांद्री या फ्रेंच अभ्यासकाने १८८० साली शोधला. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. शिकण्याचे वय निघून गेले, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

या पाच मूळ संख्यांना आणखी एक मान आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कष्टाची कामे करून पोट भरणाऱ्या घरात कार्ल फ्रीडरिख गाउस जन्मला. तेथील ड्यूकच्या विद्यावेतनावर तो शिकला. १७९६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने सिद्ध केले की केवळ पट्टी आणि कंपास यांनी सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते. ग्रीकांच्या काळापासून दोन हजार वर्षे कोणालाही हे सुचले नव्हते. त्यात येणारा १७ हा आपल्याच संख्येचा अवयव आहे.

८. काशीच्या मंदिराची गोष्ट

याच संख्येची दुसरी एक कथा आहे. काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया असून एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, खाली मोठी वर लहान अशा क्रमाने, रचलेल्या आहेत. पुजारी रात्रंदिवस त्या दुसऱ्या सुईवर नेत आहेत. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. काम संपले की जग संपेल.

असे मंदिर काशीत नाही. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली ‘हानोईचा मनोरा’ हे खेळणे टोपणनावाने बाजारात आणले, आणि त्याबरोबर ही कथा फ्रान्समध्येच प्रसृत झाली. कथा दूरदेशी रचली गेली असली तरी तिचाही हिशेब चोख आहे. सर्वांत खालची चकती हलवण्याआधी वरच्या सर्व बाजूला न्याव्या लागतात, मग ती एक हलवायची, आणि वरच्या सर्व पुन्हा तिच्यावर आणायच्या. म्हणजे प्रत्येक वाढीव चकतीसाठी आधीच्या हालचालींची दुप्पट आणि वर एक : १, ३, ७, १५, ३१. चौसष्ट चकत्यांना लागणाऱ्या कमीत कमी हालचाली म्हणजे नेमकी आपलीच संख्या. जगबुडीच्या भाकितांनी घाबरणाऱ्यांनी प्रथम हा हिशेब मांडावा.

९. खिशातील चौसष्ट घरे

संगणक आणि भ्रमणध्वनी संख्या लिहितात त्या ० आणि १ या दोनच अंकांत. आजची बहुतेक यंत्रे एका वेळी चौसष्ट घरांची संख्या हाताळतात. चौसष्ट घरांत सर्वत्र १ लिहिला की जी संख्या होते, ती म्हणजे १ + २ + ४ + ८ याप्रमाणे चौसष्ट पदांची बेरीज. पटावरील दाण्यांची बेरीज आणि यंत्राच्या चौसष्ट घरांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या एकच आहे.

पूर्वीच्या अनेक यंत्रणांत बत्तीस घरे असत आणि त्यांतील एक धन-ऋण चिन्हासाठी राखलेले असे. उरलेल्या एकतीस घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या अशा यंत्रणांची ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. म्हणून त्या बदलण्याचे काम जगभर सुरू आहे. वाचकांनी ही संख्या ‘लीलावती’तील कवड्यांशी ताडून पाहावी. भास्कराचार्यांच्या दात्याने महिन्यात दिलेल्या कवड्या तिच्याहून फक्त एकाने कमी आहेत.

१०. दुपटीचा व्यवहार

आता ज्यासाठी हा पाठ मांडला त्या भागाकडे येऊ. पटावरची दुप्पट गव्हाची होती. संसारातली दुप्पट कर्जाची असते. चक्रवाढीने पैसा दुप्पट होण्यास किती काळ लागेल, हे काढण्याचा सोपा अंदाज असा : ७२ ला व्याजाच्या दराने भागावे. शेकडा दोन रुपये महिना असेल तर ३६ महिने. तीन रुपये असेल तर २४ महिने. ‘शेकडा तीन’ हे शब्द कानाला हलके वाटतात. पण व्याज मुद्दलात मिळत गेले, तर दहा वर्षांत पाच दुपटी होतात : २, ४, ८, १६, ३२. घेतलेल्या १०,००० रुपयांचे ३,२०,००० हून अधिक होतात. पहिल्या दोन वर्षांत कर्ज चिमटीत मावणाऱ्या गव्हासारखे दिसते, आणि राजाप्रमाणे आपणही त्यालाच फसतो.

आपल्या पूर्वजांना या वाढीची जाणीव होती. एका वेळी वसूल करावयाचे थकीत व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुप्पटीचा नियम जुना आहे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मान्य केला होता. मात्र नियम असणे वेगळे आणि ऋणकोला तो मोजता येणे वेगळे. व्याज चढवून नवे खत लिहून घेतले की जुने व्याजच नवे मुद्दल होते, आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यांचा रोख प्रामुख्याने खते आणि वह्या यांवर होता. ती कागदपत्रे हिसकावून जाळण्यात आली. लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा, अशा त्या कागदांतील हिशेब तपासण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. जे त्या शेतकऱ्यांना जाळावे लागले, ते वाचता आणि मोजता येणे हा शिक्षणाचा एक साधा अर्थ आहे.

दुसरा धोका आजचा आहे. ‘तुम्ही पैसे भरा, दोघांना आणा, त्यांनी प्रत्येकी दोघांना आणावे, सर्वांना लाभ होईल’, अशा साखळी योजना वस्त्यावस्त्यांत येतात. बहुधा ओळखीचा, नात्यातला माणूसच त्या घेऊन येतो, म्हणून नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी बुद्धिबळाचा पट आठवावा. सत्ताविसाव्या पायरीपर्यंत या साखळीला १३,४२,१७,७२७ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. एकतिसाव्या पायरीला २१४ कोटींहून अधिक माणसे लागतात. त्या जनगणनेत सारा भारत १२१ कोटींचा होता. साखळी कोठेतरी तुटणार, हे ठरलेलेच आहे.

ती कोठेही तुटली तरी काय होते? येथे दुसऱ्या भागातील नियम आठवावा : शेवटच्या घरातील दाणे मागील सर्व घरांच्या बेरजेहून एकाने अधिक असतात. साखळी दहाव्या पायरीवर तुटो वा विसाव्या, शेवटच्या पायरीवरील माणसे आधीच्या सर्वांच्या एकत्रित संख्येहून अधिक असणार, आणि त्यांच्यामागे कोणीच नसणार. म्हणजे अशा योजनेत निम्म्याहून अधिक माणसांचे पैसे बुडणे हा अपघात नसून त्या योजनेचे गणितच आहे. चालवणारा प्रामाणिक असला तरी हे टळत नाही. हा मुद्दा आठवीतील मुलगी आपल्या आईला पाटीवर दाणे मांडून समजावू शकते. तसे घडले तर एखाद्या घराची वर्षाची बचत वाचेल.

स्वाध्याय

१. तीन चकत्यांचा मनोरा कागदाचे तुकडे घेऊन सात हालचालींत हलवून दाखवा. सहांत का जमत नाही ते सांगा.
२. ६५,५३५ = ३ × ५ × १७ × २५७ हे भागाकार न करता, वर्गाच्या सूत्राने दाखवा.
३. पटाच्या पाचव्या ओळीअखेर किती क्विंटल गहू होईल? चौथ्या ओळीअखेरच्या वजनाशी त्याचे गुणोत्तर काढा.
४. आपल्या घरातील एखाद्या कर्जाचा मासिक दर विचारा. ७२ ला त्या दराने भागा. आलेले महिने घरातील सर्वांना वाचून दाखवा.

पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी सोडवावेत. चौथा माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या घरी, या आठवड्यातच सोडवावा. त्याला कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरतात.